सरासरी कशासाठी काढायची?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते गुरुजी आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होते. त्यांना आदरांजली वाहायची तर शाळेच्याच गणितातला विषय घ्यावा असे मला वाटले. दहावीच्या पुस्तकात सांख्यिकीचे प्रकरण आहे. मध्य, मध्यक आणि बहुलक. मध्य म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो ती सरासरी: सगळे आकडे मिळवायचे आणि जितके आकडे तितक्यांनी भागायचे. मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा. बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा. हे प्रकरण हमखास गुण देणारे समजले जाते. सूत्र पाठ असले, सारणीचे रकाने नीट भरले की गुण पदरात पडतात. गुण मिळतात याचा मला आनंदच आहे. पण हे तीन आकडे काढता येणारी मुले पुढे मोठी होऊन वर्तमानपत्र वाचतात, विम्याचा अर्ज भरतात, ग्रामसभेत बसतात. समोर आलेली सरासरी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे तेव्हा त्यांना विचारता येत नाही, कारण शाळेत तो प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. ‘मध्यक काढा’ असे प्रश्नपत्रिकेतच छापलेले असते. कोणते परिमाण निवडायचे, हे आधीच दुसऱ्या कोणीतरी ठरवून टाकलेले असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही तीन परिमाणे एकाच गोष्टीकडे जाणारे तीन रस्ते नाहीत. तिघांचे प्रश्न वेगळे आहेत. ते कोणते, हे आज आपण आकडे मांडूनच पाहू.

फळ्यावर मी पाच आकडे लिहितो: ०, १, २, ५, १२.

एका सरळ रस्त्यावर पाच वस्त्या आहेत असे धरा. पहिली गावच्या वेशीपाशी, दुसरी तिथून १ किलोमीटरवर, मग २, मग ५, आणि शेवटची १२ किलोमीटरवर. प्रत्येक वस्तीत सारखीच माणसे. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर एकाच ठिकाणी थांबणार आहे. तो कुठे थांबवावा?

सरासरी काढली तर ४ येते. २० भागिले ५. मग टँकर ४ किलोमीटरच्या खुणेवर उभा करू. वस्त्यांना किती चालावे लागेल? ४, ३, २, १ आणि ८. बेरीज १८. आता मध्यक पाहू. मधला आकडा २. टँकर तिथे उभा केला तर २, १, ०, ३ आणि १०. बेरीज १६. एकूण चाल २ किलोमीटरने कमी झाली.

हा योगायोग नाही, आणि याचे कारण सहावीतल्या मुलालाही कळेल असे आहे. टँकर २ च्या खुणेवर आहे. तो थोडा उजवीकडे, १०० मीटर सरकवला असे समजा. उजवीकडच्या २ वस्त्यांचे १०० मीटर वाचले. पण डावीकडच्या २ आणि खुद्द तिथली १, अशा ३ वस्त्यांना १०० मीटर जास्त पडले. डावीकडे सरकवला तरी तेच: दोघांचे वाचले, तिघांचे वाढले. म्हणून एकूण चाल कमीत कमी करणारी जागा मध्यकाचीच. शेवटची वस्ती १२ ऐवजी २० किलोमीटरवर असती तरी उत्तर बदलले नसते. सरासरी मात्र लगेच ५.६ झाली असती.

पण इथे थांबू नका. १२ किलोमीटरवरच्या वस्तीतली बाई या सभेत असती तर ती उठून उभी राहिली असती. तुमची बेरीज कमी झाली, पण मला १० किलोमीटर चालायला लावलेत, त्याचे काय? तिचे म्हणणे खोटे नाही. कमी त्रासापेक्षा फार मोठा त्रास जास्त वाईट धरायचा असे आपण ठरवले, तर अंतरांचा वर्ग करून बेरीज घ्यावी लागेल. ती करून पाहू. टँकर ४ वर असेल तर १६, ९, ४, १, ६४, बेरीज ९४. टँकर २ वर असेल तर ४, १, ०, ९, १००; बेरीज ११४. आता सरासरी जिंकली. आणि ती नेहमीच जिंकेल: वर्गांची बेरीज कमीत कमी करणारी जागा मध्याचीच असते. सी-सॉच्या फळीवर दूर बसलेले मूल जसे जास्त वजनदार ठरते, तसा मध्याच्या हिशेबात दूरचा आकडा आपल्या अंतराच्या जोरावर टेकू आपल्याकडे ओढतो. विद्यार्थ्यांनो, मध्यापासूनच्या विचलनांची बेरीज शून्य येते हा गुणधर्म तुम्ही पाठ केला आहे. तो या फळीचा समतोलच आहे, आणि गृहीतमध्य पद्धत त्याच्यावरच उभी आहे.

मग बहुलकाचे काम काय? जिथे जवळपास पोहोचून काही उपयोग नसतो, नेमके जुळलेच पाहिजे, तिथे तो लागतो. चपलांच्या दुकानात ५, ६, ६, ६ आणि ९ नंबरची मागणी आली, तर सरासरी ६.४ येते. ६.४ नंबरची चप्पल कोणाच्याही पायात बसत नाही. दुकानदार ६ नंबरचे जोड भरतो. शिवाय जिथे बेरीजच होत नाही, तिथेही बहुलक चालतो. वर्गातली मुले शाळेत कशी येतात: चालत, सायकलने, एसटीने? इथे सरासरी काढताच येत नाही, मध्यकही नाही. बहुलक मात्र सांगता येतो. आपल्या निवडणुकीत ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो, म्हणजे निकाल हा मतांचा बहुलकच असतो. त्याला निम्म्याहून जास्त मते असतीलच असे नाही. चार उमेदवारांत ३५ टक्क्यांवरही निवडून येता येते. सर्वांत जास्त आणि निम्म्याहून जास्त यांतला हा फरक नागरिकशास्त्राच्या तासाला कळायला हवा, पण त्याची तयारी गणिताच्या तासालाच होते.

आता मध्याकडे जरा जास्त वेळ थांबू, कारण तिघांत तोच आपल्याकडे सर्वांत जुना आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या देवळात, १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याचे आणि त्याला दिलेल्या दानाचे त्यात नमूद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्या ‘लीलावती’त खातव्यवहार नावाचा भाग आहे, जमीन खणण्याचा हिशेब. एक खड्डा आहे, पण त्याच्या बाजू सरळ नाहीत. तीन ठिकाणी लांबी मोजली तर १०, ११ आणि १२ हात भरते. रुंदी ६, ५ आणि ७ हात. खोली २, ४ आणि ३ हात. तर घनहात किती? आचार्यांची रीत अशी: प्रत्येक मापाची बेरीज करा आणि जितक्या ठिकाणी मोजले तितक्यांनी भागा. लांबी ११, रुंदी ६, खोली ३. गुणाकार १९८ घनहात.

इथे त्यांनी मधले माप का घेतले नाही? सर्वांत जास्त वेळा आलेले का घेतले नाही? कारण त्यांना शेवटी एकूण हवे आहे. किती माती निघाली आणि खणणाऱ्याला किती मजुरी द्यायची, हा प्रश्न आहे. तिन्ही परिमाणांत मध्य एकटाच असा आहे की त्याला आकड्यांच्या संख्येने गुणले की एकूण बेरीज परत हातात येते. मध्यकाला गुणून काही मिळत नाही. म्हणून जिथे एकूणाशी काम आहे, उदाहरणार्थ शालेय पोषण आहाराला महिन्याचे तांदूळ किती लागतील, धरणात पाणी किती येईल, तिथे मध्यच हवा. दुसरे काही घेतले तर कोठी तरी रिकामी पडेल किंवा धान्य तरी सडेल.

‘लीलावती’वर गणेश दैवज्ञांनी १५४५ साली ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. कोकणातल्या मुरुडजवळच्या नांदगावचे हे ज्योतिषी, ‘ग्रहलाघव’ त्यांचेच. या खड्ड्यापाशी येऊन ते एक फार मोलाची गोष्ट सांगतात. जितक्या जास्त ठिकाणी मोजाल तितके सरासरी माप खऱ्याच्या जवळ जाईल आणि हिशेब तितका सूक्ष्म होईल. सोळाव्या शतकात, आपल्याच किनाऱ्यावर बसून, एका माणसाने हे लिहून ठेवले. आपल्या मुलांना हे माहीत नाही याचे मला फार वाईट वाटते. पाठ्यपुस्तकात दोन ओळींची जागा गणेश दैवज्ञांना मिळायला हवी.

मध्याची ताकद बेरजेत आहे, तसा त्याचा धोकाही बेरजेतच आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातले सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर निघाले. ऐकणाऱ्याला वाटते, साधारण शेतकऱ्याकडे १ हेक्टरच्या वर जमीन आहे. पण त्याच गणनेत सुमारे ६८ टक्के धारणा १ हेक्टरच्या आतल्या आहेत, म्हणजे अत्यल्प भूधारकांच्या. ६८ टक्के १ हेक्टरच्या आत असतील तर मधला शेतकरी १ हेक्टरच्या आतच असणार, त्यासाठी वेगळे गणितही करावे लागत नाही. इतके शेतकरी सरासरीच्या खाली कसे, तर थोड्या लोकांकडच्या मोठ्या जमिनींनी सरासरी वर ओढली म्हणून. देशाचे एकूण वहिती क्षेत्र काढायला १.०८ बरोबर आहे. शेतकऱ्याचा संसार कसा चालत असेल हे कळायला मध्यक पाहिजे. सातारा जिल्ह्याच्या पावसाचेही असेच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. त्या दोन्ही आकड्यांच्या सरासरीइतका पाऊस ना महाबळेश्वरला पडतो, ना दहिवडीला.

आयुर्मानाचा आकडाही असाच फसवतो. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयांचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. ते वाचून आपले पणजोबा तिशीतच म्हातारे होत असावेत असे मुलांना वाटते. वस्तुस्थिती अशी की अतिशय मोठ्या संख्येने मुले पहिल्या काही वर्षांतच दगावत, आणि त्या कोवळ्या मृत्यूंनी सरासरी खाली खेचली. त्यातून वाचलेला माणूस त्याहून पुष्कळ जास्त जगत असे. त्या ३२ मध्ये साथीचे आजार, बाळंतपणातले हाल आणि दूषित पाणी दडलेले आहे.

मध्यकाची बाजू हिरिरीने मांडली ती इंग्लंडचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी. १९०६ साली प्लिमथच्या गुरांच्या प्रदर्शनात एक बैल उभा केला होता. कापून साफ केल्यावर त्याचे मांस किती पौंड भरेल याचा अंदाज तिकिटावर लिहायचा, अशी पैजेची स्पर्धा होती. खाटीक, शेतकरी आणि बघे, सगळ्यांनी भाग घेतला. वाचता येण्याजोगी ७८७ तिकिटे गाल्टनना मिळाली. त्यांनी ती क्रमाने लावून मधला अंदाज काढला: १२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन भरले ११९८. गाल्टन म्हणत होते की प्रत्येकाचे मत एक धरायचे असेल तर मध्यकच घ्यावा. सरासरी घेतली तर ज्याने सर्वांत वेडावाकडा आकडा लिहिला त्याचेच मत सर्वांत जड होईल. विचार अगदी पटण्यासारखा आहे. तरीही पुढे त्याच तिकिटांची सरासरी काढली तेव्हा ती ११९७ निघाली, म्हणजे खऱ्या वजनाच्या आणखी जवळ. गाल्टनचा युक्तिवाद यामुळे खोटा ठरत नाही. एका बैलाच्या अंदाजात कोण जिंकले यावरून परिमाणांत थोरला-धाकटा ठरत नाही, इतकेच.

आता मी ज्यासाठी मुख्यतः उभा आहे त्या गोष्टीकडे येतो. आपल्या गावागावांत सरासरीवरून पैसे मिळतात किंवा मिळत नाहीत.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मुख्य भरपाई ठरते ती उंबरठा उत्पन्नावरून. गेल्या ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने गुणायचे, म्हणजे ७० टक्के, ८० टक्के वगैरे. आलेल्या आकड्यापेक्षा यंदाचे उत्पन्न कमी भरले तरच भरपाई. फळ्यावर एका काल्पनिक महसूल मंडळातले सोयाबीनचे आकडे लिहितो, हेक्टरी किलोमध्ये: १२००, ४००, १३००, ११००, ६००, १२५०, ११५०. जोखीमस्तर ७० टक्के धरू. यंदा ८०० किलो पिकले.

सातही वर्षांची साधी सरासरी १०००. तिचे ७० टक्के ७००. यंदा ८०० पिकले, म्हणजे भरपाई शून्य. मध्यक घेतला तर मधला आकडा ११५०. त्याचे ७० टक्के ८०५. भरपाई मिळेल, पण नावापुरती. नियमाप्रमाणे चांगल्या ५ वर्षांची सरासरी १२००. तिचे ७० टक्के ८४०. भरपाई ४० भागिले ८४०, म्हणजे विमा संरक्षित रकमेच्या पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. सात आकडे तेच, यंदाचे पीक तेच, शेतकरी तोच. सरासरी कोणती काढायची हे ठरवताच त्याच्या खात्यात किती पैसे येणार तेही ठरले.

वाईट दोन वर्षे गाळण्याचा नियम का केला असेल ते आता लक्षात येईल. साधी सरासरी घेतली तर आधीच्या दुष्काळाची शिक्षा शेतकऱ्याला पुन्हा भोगावी लागते, कारण तोच दुष्काळ उंबरठा खाली आणतो. दोन वर्षे गाळली की ‘बऱ्या वर्षी इथे किती पिकते’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. नियम शहाणपणाचा आहे, पण पुरेसा नाही. समजा सात वर्षांत दोनऐवजी तीन वर्षे वाईट गेली, ११५० च्या जागी ५०० आले. आता दोन गाळूनही ६०० चे वर्ष आत राहतेच. पाचांची सरासरी १०९०, उंबरठा ७६३. यंदा तेच ८०० पिकले तर एक पैसाही नाही. जिथे दुष्काळ जास्त वेळा येतो, तिथल्याच माणसाचे संरक्षण कमी होते. याला माझा आक्षेप आहे, आणि तो घ्यायला दहावीच्या पुस्तकाबाहेरचे काही लागत नाही. शिवाय यंदाचा आकडाही एकट्याच्या शेताचा नसतो. तो अख्ख्या मंडळाचा असतो. एकाच्या शिवारात पीक पार गेले आणि बाकी मंडळात बरे पिकले, तर त्याचे नुकसान मंडळाच्या सरासरीत विरघळून जाते.

तो आकडा येतो कुठून? मुख्यतः पीक कापणी प्रयोगातून. चिठ्ठीसारख्या यादृच्छिक पद्धतीने शेत निवडायचे, त्यातला ठराविक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून, वजन करायचे. ही पद्धत देशभर शास्त्रशुद्ध रीतीने रुजवण्यात मोठा वाटा डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा. सातारा जिल्ह्यातले बुध हे त्यांचे गाव, जन्म १९११ चा. त्यांनी आणि संख्याशास्त्रज्ञ पानसे यांनी मिळून शेतीतल्या कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राचे जे पुस्तक १९५४ साली लिहिले, त्यावर शेतकी महाविद्यालयांच्या पिढ्या शिकल्या. सुखात्म्यांनी एक गोष्ट दाखवून दिली ती गणेश दैवज्ञांच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. तुकडा फार लहान घेतला की कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा हात जातो आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त भरते. चूक अशी एकाच बाजूला झुकणारी असेल तर हजार ठिकाणी मोजूनही सरासरी खऱ्याजवळ जात नाही. जास्त ठिकाणी मोजा हे खरे. पण आधी मोजणे सरळ हवे.

सुखात्मे पुढे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. निवृत्त होऊन ते पुण्यात आले आणि तिथे सरासरीच्या अर्थावरून एक मोठा वाद उभा राहिला. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला होता. माणशी दिवसाला २२५० कॅलरींचा आहार ज्या खर्चात पदरात पडतो, तिथे त्यांनी रेषा आखली होती. त्या रेषेखाली १९६०-६१ मध्ये खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे होती. सुखात्म्यांनी विचारले: २२५० ही जर सरासरी गरज असेल, तर ती प्रत्येकाची गरज कशी? माणसामाणसाची गरज वेगळी असते. एकाच माणसाचीही आज एक आणि उद्या दुसरी असते, शरीर त्याप्रमाणे जुळवून घेते. सगळे लोक पोटभर आणि आपल्या गरजेइतके जेवत आहेत अशा सुखी देशाची कल्पना करा. तिथेही जवळजवळ निम्मी माणसे सरासरीच्या खाली असणारच. त्यांना उपाशी म्हणायचे का? म्हणून उपासमारीची सीमा सरासरीवर न ठेवता तिच्याखाली बरीच खाली ठेवली पाहिजे, असे त्यांचे मत होते.

दांडेकरांना हे पटले नाही. त्यांच्या मांडणीत २२५० चे माप एकेका माणसाच्या ताटाला लावलेले नव्हतेच. ज्या खर्चगटाचा सरासरी आहार तेवढा भरतो, तो खर्च ही रेषा होती. गटाच्या सरासरीशी गटाची सरासरी लावली की व्यक्तींमधले कमी-जास्त एकमेकांत जिरते. सीमा खाली आणली तर कागदावरचे गरीब कमी होतील, खरे तेवढेच राहतील, ही भीतीही खरी होती. दोघेही संख्याशास्त्राचे पंडित, दोघांनाही गरिबांविषयी खरीखुरी आस्था, आणि वाद जवळजवळ पूर्णपणे एका प्रश्नावर: सरासरी ही कोणाची? व्यक्तीच्या पोषणाबद्दल बोलायचे असेल तर मला सुखात्म्यांचा आक्षेप बरोबर वाटतो. देशातल्या दारिद्र्याचे माप घ्यायचे असेल तर दांडेकरांची बाजू मला बळकट वाटते. तुमचे मत वेगळे असू शकेल. पण ते मांडायला सरासरी म्हणजे काय एवढे नीट कळलेले असणे पुरते, म्हणून ही गोष्ट शाळेत पोहोचली पाहिजे असे मी म्हणतो.

शाळेत परत जाऊ. एका वर्गाची २० पैकी गुणांची यादी पाहा: ४, ४, ५, ५, ५, १५, १६, १६, १६, १७. मध्य १०.३, मध्यक १०. दहाच्या आसपास गुण असलेला एकही विद्यार्थी या वर्गात नाही. जो शिक्षक १०.३ ची सरासरी पाहून मध्यम वेगाने शिकवेल, तो यातल्या एकालाही शिकवत नसेल. इथे खरे काय ते बहुलक सांगतो, आणि तोही एक नाही, दोन आहेत: ५ आणि १६. वर्गात दोन वर्ग बसलेले आहेत. एकाला पायापासून शिकवायला हवे, दुसऱ्याला पुढचे द्यायला हवे. बहुलक हे सर्वांत सोपे परिमाण म्हणून आपण त्याला दोन मिनिटे देतो. शिक्षकाला तर त्याचाच सर्वांत जास्त उपयोग आहे.

आणि सूत्रांविषयी एक सांगतो. वर्गीकृत सारणीवरून मध्यक काढताना आपण सूत्रात आकडे घालतो. ५० मुले, ३० च्या खाली २२ जण, ३० ते ४० या वर्गात १० जण. पंचविसाव्या जागेपर्यंत पोहोचायला १० पैकी ३ हवेत, म्हणून ३० मध्ये ३ मिळवले: मध्यक ३३. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, म्हणजे मधला मुलगा नापास. पण ती १० मुले ३० ते ४० मध्ये सारख्या अंतराने पसरली आहेत असे सूत्राने धरून चालले आहे. मूळ यादी काढून पाहिली तर त्यातला एक ३१ वर, आठ जण ३५ वर आणि एक ३९ वर असू शकेल. उत्तीर्ण होण्याच्या रेषेवर अशी गर्दी होते हे या सभागृहातल्या प्रत्येक परीक्षकाला ठाऊक आहे. मग पंचविसावा आणि सव्विसावा, दोघांचेही गुण ३५. खरा मध्यक ३५, मधला मुलगा पास. सूत्र चुकलेले नाही. त्याचे गृहीत इथे लागू पडत नाही. गृहीत सांगितल्याशिवाय सूत्र शिकवू नये, ही शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. आजकाल यंत्र क्षणात मध्यक काढून देते, मग वर्गातला तो वाचलेला वेळ यासाठीच वापरता येईल.

शेवटी परीक्षेविषयी. मूल परीक्षेसाठी शिकते हे मान्य करूनच बोलतो. प्रश्नपत्रिकेत निदान एका प्रश्नात परिमाणाचे नाव देऊ नये. मुलांनी नाव निवडावे आणि कारण लिहावे. एक नमुना देतो. एका गावातल्या ९ बचतगटांच्या महिन्याच्या बचतीचे आकडे आहेत, रुपयांत: ९००, १०००, १०००, १०००, ११००, १२००, १३००, १५००, ९०००. बँकेला गावाची एकूण बचत जाणून घ्यायची आहे. नव्याने गट काढणाऱ्या बायकांना साधारण किती बचत जमते हे समजून घ्यायचे आहे. पासबुके छापणाऱ्याला कोणत्या रकमेचे रकाने आधी छापून ठेवावेत हे ठरवायचे आहे. प्रत्येकाला कोणता आकडा द्याल आणि का? मध्य २०००, मध्यक ११००, बहुलक १००० हे काढायला तीन मिनिटे लागतील. ‘का’ लिहायला दहा लागतील. दोन चांगल्या विद्यार्थ्यांची कारणे वेगळी येतील, आणि तपासणाऱ्याला प्रत्येक कारण वाचून गुण द्यावे लागतील. नमुना उत्तराशी जुळवून काम भागणार नाही. त्यासाठी परीक्षकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागेल. अशी मागणी परीक्षा मंडळाकडे करायची तर त्याचा मसुदा या सभागृहातल्या गणिताच्या शिक्षकांनीच लिहायला हवा, आणि सभा संपल्यावर बसायची तयारी असेल तर मी थांबतो.